उमाटे सर आणि बावीस छेद सात

उमाटे सरांबद्दल चांगलं लिहायला बसले की हात अडतो, आणि वाईट लिहायला बसले की त्यांची एखादी नक्कल आठवून हसू येतं. गणित शिकवायची नोकरी मी आधीपासून करत होते. पण मूल चुकतं तेव्हा त्याच्या डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं, हे मला कळलं ते या माणसाच्या शेजारी बसून. आणि भर सभेत साहेबांसमोर स्वतःची चूक माझ्या अंगावर ढकलून मोकळा झाला, तोही हाच माणूस. तेव्हा मी इथे अगदी तटस्थपणे वगैरे लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मला अजून राग आहे.

आमची गाठ पडली वर्ध्याला. जिल्ह्यातल्या सातवीच्या मुलांची गणिताची चाचणी संगणकावर घ्यायची असं ठरलं होतं. मुलांनी उत्तरं पडद्यावर भरायची, तपासणार यंत्र, गुण देणारही यंत्रच. त्यासाठी प्रश्न तयार करायला ठिकठिकाणच्या शाळांतून काही शिक्षक उचलले गेले. मी आंजीच्या पुढच्या एका लहान गावातल्या शाळेतली. उमाटे सर कारंजा घाडग्याकडचे, आमच्या गटाचे प्रमुख. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि चष्मा डोळ्यांवर कमी, हातात जास्त. त्याची एक काडी सतत दातांत धरलेली असायची. संगणकाला ते 'मास्तर' म्हणत. "मास्तर आपला हुशार आहे बापा, पण त्याले दया नाई. दया आपल्याले टाका लागते त्याच्यात," हे त्यांचं पहिल्याच दिवसाचं भाषण, आणि तेवढंच.

पहिल्या दिवशी मी एक प्रश्न तयार करून दिला. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, आणि खाली चार पर्याय. अगदी पाठ्यपुस्तकी. सरांनी तो बराच वेळ पाहिला.

"हे दोन छेद पाच कोणाचं आहे ते मले समजलं," ते म्हणाले. "वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले. हे एक छेद सहा गुणाकार करणाऱ्याचं. पण हे सात छेद नऊ कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे?"

"म्हणजे कोणत्या पोराचं? तुमच्या वर्गातलं एक नाव सांगा, जे हे उत्तर देईन."

मी विचार करून पाहिला. एकही नाव सुचेना. "चौथा पर्याय पाहिजे होता म्हणून टाकलाय, सर."

"मंग काढा त्याले. ज्या चुकीले धनी नाई, ते चूक आपल्या कामाची नाई."

मला त्या दिवशी राग आला होता. वीस वर्षं शिकवणारी बाई मी, आणि हा माणूस मला चुका कशा कराव्यात ते शिकवत होता! पण परत शाळेत गेले आणि वह्या तपासताना पहिल्यांदाच लाल रेघ मारायच्या आधी थांबले. हिनं हे उत्तर आणलं कुठून? एक पोरगी वजाबाकीत कायम मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायची, मग तो वर असो की खाली. दोन वर्षं मी तिला फक्त 'नीट कर' म्हणत आले होते. त्यानंतर मी वर्ध्याला जाताना या चुका घेऊन जायला लागले, आणि सर त्या अशा उत्सुकतेनं ऐकत की जणू मी घरून खाऊ आणलाय.

पण त्यांची खरी करामत वेगळीच होती. आमच्यात अशी पद्धत होती की एकानं प्रश्न करायचा आणि दुसऱ्यानं तो मूल होऊन सोडवायचा. मूल होऊन म्हणजे अक्षरशः. बाकीचे शिक्षक उत्तर भरायचे आणि 'ठीक आहे' म्हणून उठायचे. उमाटे सर सोंग घ्यायचे. खुर्चीत अर्धवट बसून, जीभ दातांत धरून, एका बोटानं कळा शोधत, "आता मी हुशार पण घाईचा," असं जाहीर करायचे आणि प्रश्न पुरता न वाचताच उत्तर ठोकायचे. मग "आता मी मागच्या बाकावरली, मले सारं येते पण भेव वाटते." ही पोरगी उत्तराच्या आधी एक मोकळी जागा सोडायची, उत्तरापुढे 'किलो' लिहायची, पाचच्या ऐवजी 'पाच' अक्षरी लिहायची. यंत्र दर वेळी शून्य द्यायचं आणि सर दर वेळी खरोखर दुखावल्यासारखं तोंड करायचे. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. मग ते चष्मा घालून एकदम गंभीर व्हायचे आणि ज्या कंपनीनं ते यंत्र बनवलं होतं तिथल्या माणसाला फोन लावायचे. त्यांचं हिंदी नागपुरी वळणाचं होतं. "भैया, बच्चे ने किलो लिखा तो कौनसा गुनाह किया? किलो ही तो है ना वो?" समोरचा माणूस काय म्हणायचा कोण जाणे, पण चार दिवसांनी यंत्र 'किलो' खपवून घ्यायला शिकलेलं असायचं.

एकदा सराव चाचणी झाली. आष्टीकडच्या एका मुलीनं उत्तरात बारा हजार पाचशे लिहिताना हजारानंतर स्वल्पविराम दिला होता, शाळेत शिकवतात तसा. यंत्रानं चूक धरली. निकाल निघायला तासाभराचा अवधी होता. सरांनी आमच्यादेखत शिक्षण खात्यातल्या साहेबांना फोन केला. "साहेब, निकाल थांबवा. नाई, पोरीची चूक नाई. चूक आमची आहे." साहेब तिकडून चिडल्याचं आम्हाला ऐकू येत होतं. सर उभ्या उभ्या एवढंच म्हणत राहिले, "आमची आहे साहेब, आमची." यंत्राला सगळे पेपर पुन्हा तपासायला चहा होईपर्यंतचाच वेळ लागला. त्या दिवशी मला वाटलं, असा माणूस आपला प्रमुख आहे हे आपलं नशीब. हे मी घरी यजमानांनाही बोलून दाखवलं होतं. त्यांनी नंतर मला त्याची आठवण करून दिली नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

सरांचा एक हट्ट होता. प्रश्नातली खोट लिहून द्यायची नाही. कंपनीच्या त्या यंत्रात शेरे लिहायची सोय होती, पण सरांनी ती आम्हाला वापरू दिली नाही. "लेखी देलं की ते तक्रार होते मॅडम. आपण काय एकमेकाच्या तक्रारी कराले बसलो का? समोर बसा, पोरगं व्हा, अन् सांगा." मला ते मनापासून पटलं. शाळेत मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत जो तो कागद पुढे करतो, सही मागतो. इथे निदान एक खोली अशी होती की जिथे शब्दावर काम चालत होतं. आम्ही सांगायचो, सर ऐकायचे, 'करतो' म्हणायचे आणि करायचे. अंतिम प्रश्नांना कुलूप असायचं आणि ते उघडायचा अधिकार फक्त प्रमुखांना होता, म्हणून शेवटची दुरुस्ती त्यांच्याच हातून व्हायची.

त्या हिवाळ्यात सरांना पुण्याहून फोन यायला लागले. राज्याच्या गटात त्यांना घ्यायचं चाललं होतं. फोन आला की ते बाहेर व्हरांड्यात जात, आणि परत आले की बसल्या जागी दोन वेळा 'हं, कुठं होतो आपण?' विचारत. सोंगं कमी झाली. कधी कधी मीच म्हणायचे, "सर, आज मागच्या बाकावरली नाही आली?" तर म्हणत, "तिले बरं नाई." आम्हाला वाईट वाटायचं, पण आनंदही होता. आमच्या जिल्ह्यातला माणूस, तोही कारंज्याकडच्या खेड्यातल्या शाळेतून निघालेला, पुण्याला बसून साऱ्या राज्याचे प्रश्न करणार होता.

खऱ्या चाचणीचे दिवस जवळ आले. ही चाचणी नुसती गुणांची नव्हती. वर येणाऱ्या मुलांना आठवीपासून वर्ध्याला वसतिगृहासकट प्रवेश मिळणार होता. माझ्या वर्गात समीक्षा नावाची मुलगी होती. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील नाहीत. गावात आठवीनंतर शाळा नाही, आणि पुढच्या गावी रोज पाठवायला आई तयार नव्हती. या एका चाचणीवर तिचं पुढचं शिक्षण टांगलेलं होतं, आणि ती मिळवू शकेल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

सरांचा एक प्रश्न मला तपासायला आला. संत्र्याच्या झाडाभोवती गोल आळं करायचं, त्रिज्या दिलेली, परीघ काढा. प्रत्येक मुलाला यंत्र वेगळी त्रिज्या देणार, पण सगळ्या सातच्या पाढ्यातल्या. प्रश्न खास सरांचा. संत्र्याच्या पट्ट्यातल्या पोराला आळं माहीत असतं. मी सात फूट त्रिज्या घेतली आणि आमची मुलं करतात तसं केलं. आमच्या मुलांना परिघाच्या सूत्रातला पाय म्हणजे बावीस छेद सात. साताला सात गेले, दोन गुणिले बावीस, चव्वेचाळीस. यंत्रानं फुली मारली. त्याच्या हिशेबी पायची किंमत तीन दशांश एक चार होती, उत्तर त्रेचाळीस दशांश नऊ सहा. पायची कोणती किंमत घ्यायची ते प्रश्नात लिहिलेलं नव्हतं, आणि 'सूट' म्हणून एक रकाना असतो, उत्तराच्या किती आसपासचं बरोबर धरायचं ते सांगणारा, तोही कोराच होता. इंग्रजी माध्यमाच्या शिकवणी वर्गांना जाणारी मुलं तीन दशांश एक चार घेतात, ती सुटणार होती. खेड्यातल्या मुलांना सरळ शून्य.

मी उठले आणि सरांसमोर जाऊन बसले. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी आयुष्यात कधी नक्कल केली नाही, पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे. दोन्ही हात मांडीखाली घेतले, मान खाली घातली आणि म्हणाले, "सर, मी बावीस छेद सातवाली पोरगी. माझं चव्वेचाळीस आलं. मास्तरनं मले शून्य देल्लं. माझं काय चुकलं जी?"

सर असे हसले, असे हसले की चष्मा पडला. "वा मॅडम! आज तुमी मले मागं टाकलं! काई नाई चुकलं बेटा तुझं, बिलकुल नाई. करतो मी. आत्ताच करतो." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते व्हरांड्यात गेले. मी खुशीत घरी आले. उमाटे सरांकडून शाबासकी मिळाली होती.

निकाल लागला. समीक्षा एका प्रश्नानं मागे राहिली. शाळेच्या संगणकावर तिचा पेपर उघडून पाहिला तर आळ्याच्या प्रश्नात तिलाही नेमकी सात फूट त्रिज्या आलेली, पुढे चव्वेचाळीस आणि शेजारी लाल फुली. तिच्या वर्गातल्या ज्या ज्या मुलानं तो प्रश्न सोडवला होता, त्या प्रत्येकापुढे फुली होती. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. भांडायला नव्हती आली. ती दारातच उभी राहिली.

"मॅडम, तुमीच होत्या ना तिथं?"

"हो."

"पोरगी म्हणते उत्तर बरोबर होतं. मंग तुमी असून असं कसं झालं?"

मी तिला म्हटलं, थांबा, यात दुरुस्ती होऊ शकते, आधी झालेली आहे. मला अजिबात काळजी नव्हती. सर होते ना. मी त्यांना फोन केला, ते म्हणाले, "सभेत पाहू." आवाज कोरडा होता, पण माझ्या मनात पाल चुकचुकली नाही. इतकी मी निर्धास्त होते.

सभेत साहेबांनी विचारलं, हा प्रश्न कोणाचा? उमाटे सरांनी तोंडातली काडी काढली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे म्हणाले, "प्रश्न माझा आहे साहेब, ते मी नाकारत नाई. पण तपासणी मॅडमकडं होती. त्यांच्या लक्षात आलं असतं तं त्यांनी मले सांगतलं असतं."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, ते विसरले असतील. मी म्हणाले, "सर, मी सांगितलं होतं. तुमच्यासमोर बसून सांगितलं होतं."

ते टेबलाकडे पाहत राहिले. विसरलेला माणूस असा टेबलाकडे पाहत नाही.

"लेखी आहे का काही?" साहेबांनी मला विचारलं.

"आमच्यात लेखी द्यायची पद्धत नव्हती."

"हे कोणी ठरवलं?"

मी सरांकडे पाहिलं. आता तरी हा माणूस तोंड उघडेल. एवढं एक वाक्य तरी तो माझ्यासाठी बोलेल. त्यांनी चष्मा काढून काडी पुन्हा दातांत धरली. साहेब म्हणाले, यादी जाहीर झाली आहे, मुलांचे सत्कार झाले आहेत, आता ती बदलता येणार नाही. यापुढे तपासणीत असा हलगर्जीपणा चालणार नाही. हलगर्जीपणा हा शब्द माझ्या नावापुढे लागला आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. यंत्राला पुन्हा तपासायला चहापुरता वेळ लागला असता हे त्या खोलीत दोनच माणसांना पक्कं माहीत होतं, सरांना आणि मला; आमच्या गटातलं तिसरं कोणी सभेला नव्हतं.

जिन्यात सर माझ्यामागून आले.

"मॅडम, मनावर घेऊ नका. तुमी तं शाळेत परत जाऊन राह्यल्या. तुमचं काय बिघडते? माझं पुण्याचं आता होऊन राह्यलं. या वक्ताले माझ्या नावावर काई आलं तं सारं जाईन."

"अन् पोरी?"

"त्या हुशार आहेत. कुठंई निघतीन."

मला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त संताप येत होता. मी म्हणाले, "सर, तुम्ही एवढ्या पोरांची सोंगं घेतली. आत्ता वर कोणाचं घेतलं होतं?"

ते दोन पायऱ्या उतरले. मग फोन काढून कानाला लावला. तो वाजला नव्हता.

मला गटातून कमी केलं. गावात आल्यावर समीक्षाच्या आईला मी सगळं खरं सांगितलं, नावासकट. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग तुमी तवाच लिहून काऊन नाई देल्लं?" एखाद्या माणसावर विश्वास ठेवला, हे काही उत्तर होत नाही. गावात अर्ध्यांना पटलं, अर्ध्यांना वाटलं बाई अंग झटकते आहे. त्यानंतर शाळेत कोणी काही तोंडी सांगितलं की मी म्हणते, लिहून द्या. सरांनी माझं नाव घालवलं ते एक वेळ ठीक. पण ती शब्दावर चालणारी खोली मला फार आवडली होती, आणि तीही त्यांनीच मोडली. याचं दुःख मला जास्त आहे.

सर पुण्याला गेले. त्यांचे प्रश्न आता साऱ्या राज्यातली मुलं सोडवतात. ते चांगले असतात, हेही सांगून टाकते. परवा एक पाहिला. चारही पर्यायांना धनी होता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तळेगावच्या थांब्यावर, मागच्या हिवाळ्यात. आठवीतल्या काही मुलींना घेऊन मी आष्टीला गणिताच्या स्पर्धेसाठी निघाले होते. समीक्षा त्यांच्यात होती. तिचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष. एस.टी.ची वाट पाहत उभ्या होतो. एक पांढरी गाडी चहाच्या टपरीपाशी थांबली आणि सरांनी उतरून चहा सांगितला. जरा भरले होते. मला पाहून सरळ माझ्याकडे आले, जणू कालच भेटलो होतो.

"मॅडम! कशा आहात?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मी लय दिवसाचा बोलीन बोलीन म्हणत होतो. तुमी सांगतलं होतं. मले सारं आठवते. तुमच्यासारखं तपासणारं तिकडं कोणी नाई."

"हे मला सांगून काय उपयोग, सर?" मी म्हणाले. "मला माहीतच आहे." आणि मी समीक्षाला हाक मारली. ती मैत्रिणींमधून आली. "ही समीक्षा. आळ्याच्या प्रश्नात हिचं चव्वेचाळीस आलं होतं. हिला सांगा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मला अजूनही शपथेवर सांगता येईल की क्षणभर ते सांगणार होते. गाडीतून कोणीतरी हॉर्न दिला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गणित आवडते का? छान. उत्तर काढलं की तपासून पाहत जाजो बेटा."

समीक्षानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. आमच्या मुली कुठल्याही सरांच्या पाया पडतात, त्यांना कोणी सांगावं लागत नाही. "मोठी हो," ते म्हणाले आणि माझ्याकडे न पाहता गाडीत जाऊन बसले. त्यांचा चहा टपरीवर तसाच राहिला.

"मॅडम, हे कोण होते?"

मी नाव सांगितलं. ते नाव तिनं घरात ऐकलेलं होतं, चेहरा कधी पाहिला नव्हता. गाडी महामार्गाला लागेपर्यंत ती तिकडे पाहत राहिली, आणि मग तिनं पाया पडलेला उजवा हात ओढणीला पुसला, सावकाश, एकेक बोट.